जीवन आणि जीवसृष्टी : एका अनुमानाची चिकित्सा

‘जीवन’ या शब्दाचे पाणी आणि प्राणधारण हे दोन्ही अर्थ मराठीला संस्कृताकडून लाभले आहेत. काव्यात हा श्लेष शोभतो; शास्त्रीय विवेचनात मात्र तो अनुमानाची एक पायरी नकळत गाळतो. बर्फाच्छादित उपग्रहांच्या पोटात पाणी आहे, म्हणून तेथे जीवसृष्टीही असावी, हे प्रतिपादन या दृष्टीने तपासून पाहणे आवश्यक आहे.

त्याचा पूर्वार्ध बळकट आहे. गुरूच्या युरोपा या उपग्रहाजवळ ‘गॅलिलिओ’ यानाने नोंदविलेले चुंबकीय क्षेत्रातील फेरफार बर्फाखाली खारा समुद्र मानल्यास उत्तम उलगडतात. शनीच्या एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवावरील फवारे ‘कॅसिनी’ने २००५ मध्ये टिपले; त्यांत हायड्रोजन असल्याचे २०१७ मध्ये, तर फॉस्फेट असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मातृग्रहाच्या कमीअधिक ओढीने हे उपग्रह आतून तापतात, म्हणून सूर्यापासून इतक्या दूरही पाणी द्रवरूप राहते.

परंतु यावरून फार तर वासयोग्यता सिद्ध होते, वास नव्हे. हा भेद फर्दापूरच्या परिसरात सहज प्रत्ययास येतो. जवळच्या अजिंठा लेण्यांतील चोविसावा विहार अपुराच राहिला. पहिले लेणे चित्रांनी नटले. तरीही गर्भगृहातील मूर्तीभोवती दिव्यांच्या काजळीचा माग नाही, यावरून तेथे पूजा सुरू झालीच नसावी, असे मत वॉल्टर स्पिंक यांनी मांडले. त्यांचा कालक्रम सर्वमान्य नाही. पण पद्धत अनुकरणीय आहे. वास्तू कशासाठी घडविली हे कळल्याने ती वापरली गेली असे ठरत नाही. वापराची खूण स्वतंत्रपणे शोधावी लागते.

हीच कसोटी एन्सेलॅडसच्या हायड्रोजनला लावावयास हवी. पाणी आणि तप्त खडक यांच्या रासायनिक क्रियेतून तो निर्माण होऊ शकतो, आणि पृथ्वीवर मिथेन निर्माण करणाऱ्या कित्येक सूक्ष्मजीवांचे तो अन्न आहे. म्हणून तो आशेचे लक्षण मानला जातो. तथापि वाढलेले ताट तसेच राहिले, तर जेवणारा आला होता असे कोणी म्हणत नाही. हायड्रोजन शिल्लक उरणे हे उपभोक्ते नसल्याचे, किंवा अत्यल्प असल्याचेही चिन्ह असू शकेल. परस्परविरुद्ध निष्कर्षांना सारखाच आधार देणारा पुरावा निर्णायक म्हणता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले ‘युरोपा क्लिपर’ २०३० मध्ये गुरूपाशी पोचणे अपेक्षित आहे. त्याचे घोषित उद्दिष्टही वासयोग्यता तपासणे एवढेच आहे, जीव शोधणे नव्हे. संशोधकांनी पाळलेला हा संयम मराठी विज्ञानलेखनानेही पाळावा, आणि निदान या विषयापुरते तरी ‘पाणी’ व ‘जीवसृष्टी’ हे दोन शब्द निरनिराळे ठेवावेत.