लज्जागौरी : साम्य आणि नाते

मराठीत दैवतांवर लिहू पाहणारा माणूस केव्हा ना केव्हा रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’पाशी येऊन थांबतोच. १९७८ साली हे पुस्तक आले. ज्या मूर्तीकडे चारचौघांत बघायलाही लोक कचरत, तिच्यावर न बिचकता आणि न चेकाळता लिहिता येते, हे ढेऱ्यांनी दाखवून दिले. पुस्तकाचे ऋण मान्य आहेच. पण त्या मूर्तीभोवती जमा झालेल्या एका सवयीचा हिशेब व्हायला हवा. ती सवय म्हणजे दोन देवता सारख्या दिसल्या की त्यांचे नाते लावून मोकळे होणे.

मूर्ती बहुतेकांना ठाऊक असेल. देवी उताणी आहे. पाय गुडघ्यात दुमडून दोन्ही बाजूंना फाकलेले, बाळंतपणाच्या वेळी असावेत तसे. योनी उघडी, आणि मानेवर मस्तकाऐवजी उमललेले कमळ. दगडी शिल्पापासून तळहातावर मावणाऱ्या भाजक्या मातीच्या मूर्तीपर्यंत तिचे आकार आढळतात. काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपासून आठव्या शतकापर्यंतचा. बदामीच्या संग्रहालयातली प्रसिद्ध मूर्ती नागनाथकोळ्ळच्या नागनाथ मंदिरातली. आम्हा मोहोळकरांना नागनाथ हे नाव घरचे असल्यामुळे ते वाचताना कान टवकारतात, पण नावापलीकडे या दोन नागनाथांचा संबंध लावायचे कारण नाही. ही देवी आमच्या आणखी जवळ आहे ती तेरला. मोहोळहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे हे तेरणाकाठचे गाव. तिथल्या मातीच्या मूर्तींत ती भेटते.

तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधले तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे, आणि तिथले कापड भडोच बंदरात जाऊन पुढे गलबतांत चढायचे. या व्यापारामुळेच डॉ. हसमुख सांकलियांचा तर्क जन्माला आला. १९६० साली ‘आर्तिबुस आसिए’ या नियतकालिकातल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ‘नग्न देवता किंवा निर्लज्ज स्त्री’ असे शब्द आहेत. भूमध्य समुद्राकाठच्या, विशेषतः इजिप्तमधल्या, ‘बौबो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्ती रोमन व्यापाराबरोबर इकडे आल्या आणि त्यांतून आपली देवी घडली, असा त्यांचा सूर होता. सांकलिया उत्खननातले मोठे नाव, त्यामुळे हा तर्क बराच काळ प्रतिष्ठेने वावरला.

तो तपासायचा तर आधी बौबोची गोष्ट बघावी लागते. लेक पाताळात नेली गेल्यामुळे धान्यदेवता डिमिटर अन्नपाणी सोडून बसली आहे. बौबो तिच्यापुढे वस्त्र वर करते. डिमिटर हसते आणि पेय घेते. ही कथा अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, म्हणजे एका ख्रिस्ती लेखकाने, नाक मुरडत का होईना जपून ठेवली. आशिया मायनरमधल्या प्रीएने येथील डिमिटरच्या देवळात मिळालेल्या ज्या मृण्मूर्तींना बौबो म्हणतात, त्यांत पायांवर थेट चेहरा आहे, मधले धड गायब. आपल्या देवीला भरदार धड आहे आणि चेहरा नाही. म्हणजे ही जवळजवळ उलटी रचना झाली. इजिप्तमधल्या मूर्तींना धड असते, पण मस्तकही असते, कमळ नसते. आणि कथेचे काय? बौबो हसवते. लज्जागौरीपुढे कोणी हसत नाही. जपानच्या ‘कोजिकी’त (इ.स. ७१२) सूर्यदेवी गुहेत दडून बसते, तेव्हा उझुमे नाचता नाचता वस्त्रे सोडते, देव हसतात आणि सूर्य बाहेर येतो. बौबोची खरी बहीण शोधायची तर ती इथे आहे, आणि इथे रोमन गलबतांचा आधार कोणाला घेता येणार नाही.

आयर्लंड-इंग्लंडच्या मध्ययुगीन चर्चभिंतींवरची ‘शीला-ना-गिग’ हल्ली मोबाइलवर लज्जागौरीशेजारी चिकटवून फिरवली जाते. ती दोन्ही हातांनी योनी ताणून दाखवते, डोके बहुधा टकले, चेहरा भेसूर. दोघींत सारखे काय, तर स्त्रीचा देह. तेवढ्यावर भगिनीभाव जुळवायचा असेल तर जगातल्या सगळ्याच मूर्ती एकमेकींच्या बहिणी ठरतील.

परदेशी देव खरोखर येतो तेव्हा कसा दिसतो, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५च्या सुमारास पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. तिची घडण रोमन आहे आणि ती बाहेरून आली हे बघताक्षणी कळते. लज्जागौरीची अशी ‘मूळ प्रत’ तेरला किंवा भोकरदनला निघालेली नाही. उलट पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती भारतीय घडणीची, आणि तिच्या जवळच्या नात्यातली हस्तिदंती मूर्ती आमच्या तेरची. वाट दुहेरी होती. मग येणे-जाणे नेहमी तिकडून इकडेच का मानायचे?

हे वाचून ज्यांना बरे वाटले असेल त्यांनीही जरा थांबावे. ‘सगळे आपल्याकडूनच तिकडे गेले’ म्हणणाऱ्यांची आता मोठी फळी आहे, आणि त्यांची पद्धत तीच, फक्त बाण उलटा. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मातीची झाकणाची पेटी, स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाले. त्यांतली एक स्त्रीमूर्ती शिरविहीन. रोमन व्यापाराच्या हजारभर वर्षे आधीची. सांकलियांच्या तर्काला हा धक्काच, आणि गंमत म्हणजे इनामगावचे उत्खनन त्यांच्याच डेक्कन कॉलेजचे. परंतु इनामगावपासून तेरपर्यंतच्या हजार-बाराशे वर्षांच्या पोकळीवर पूल बांधल्याशिवाय ‘अखंड परंपरा’ म्हणणे हेही साम्यावरून नाते लावणेच झाले.

स्टेला क्रामरिश यांनी १९५६ साली ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ७२ व्या सूक्तातील उत्तानपाद आणि अदिती यांच्याशी मूर्ती जोडली. वाचायला भारदस्त. पण मूर्तीसमोर डोके टेकवणाऱ्या बाईला अदिती माहीत होती का, हा प्रश्न त्या मांडणीत शिरत नाही.

ढेऱ्यांचे मोठेपण इथे आहे. मूर्ती कशासारखी दिसते यापेक्षा तिला कोण पुजते, कशासाठी, तिच्यापुढे काय ठेवते, हे त्यांनी विचारले. त्यातून ते रेणुका-यल्लम्मापर्यंत, कोकण-गोव्यातल्या वारूळरूपी सांतेरीपर्यंत पोचले. भूमी, वारूळ, घट आणि गर्भ यांची जी साखळी त्यांनी उलगडली ती आपल्याला परकी वाटत नाही. नवरात्रात काळ्या मातीत धान्य पेरून त्यावर घट ठेवणाऱ्या कोणत्याही सोलापुरी घरात ती अर्धी ठाऊक असते. पुढे कॅरल बोलन यांनी १९९२च्या ग्रंथात मूर्तींची चार रूपे लावली. एका टोकाला देवीचा देह म्हणजे घटच, दुसऱ्या टोकाला तिला माणसाचे मस्तक. पूर्णकुंभातून वर आलेले कमळ डोळ्यांपुढे आणले, की मस्तक ‘गेले कुठे’ हा प्रश्नच उरत नाही. घटाला मस्तक नसते, त्यातून कमळच उगवते. लाजेने तोंड लपवल्याच्या कथा नावावरून मागाहून रचल्या गेल्या असाव्यात, असे माझे मत.

तक्रार आहे ती ढेऱ्यांच्या पसरट मिठीबद्दल. पुस्तक पुढे सरकते तसे एकेक ग्रामदेवता त्या एका आदिमातेत विरघळत जाते. यल्लम्माला सोडलेल्या मुलींचे भोग आणि सांतेरीच्या वारुळाची शांत पूजा एकाच तत्त्वाची रूपे म्हटली, की त्या मुलींचा वेगळा इतिहास झाकला जातो. समन्वय ही ढेऱ्यांची ताकद, आणि कधी कधी घाईही.

या सगळ्या तर्कांपेक्षा मला नागार्जुनकोंड्याच्या एका मूर्तीवरचा छोटा प्राकृत लेख जास्त बोलका वाटतो. इक्ष्वाकू राजा एहुवल चांतमूल याच्या राणीने, महादेवी खंडुवुलेने, ती मूर्ती करवून घेतली. स्वतःची ओळख सांगताना ती दोन शब्द वापरते : अविधवा आणि जीवपुता. नवरा हयात असलेली, मूल जगलेली. इथे ना इजिप्त, ना अदिती, ना निर्लज्जपणा. ज्या काळात मूल जगणे हीच बातमी होती, त्या काळातल्या आईचे हे शब्द आहेत. ऐहोळेजवळच्या सिद्धनकोळ्ळला आजही मूल हवे असलेल्या बायका याच देवीपाशी जातात. ‘निर्लज्ज स्त्री’ हे शीर्षक ज्यांना सुचले आणि ‘लज्जा’ हे नाव ज्यांनी ठेवले, ते दोघेही या बायकांच्या बाजूने मूर्ती पाहत नव्हते.

शेवटी तेरचाच एक मोह. हे गाव गोरोबाकाकांचे. चिखल तुडवताना पायाखाली गेलेले आणि परत मिळालेले मूल, ही त्यांची कथा प्रत्येकाला तोंडपाठ. त्याच गावच्या मातीत, त्यांच्याआधी काही शतके, मूल देणारी देवी कुंभाराच्याच हातून घडत होती. जोडून टाकावे असे फार वाटते. पण या दोहोंमधला एकही दुवा आज हाती नाही, म्हणून माझ्या वहीत ही दोन टिपणे दोन वेगळ्या पानांवर आहेत.