पुरलेली आई, बुडालेली आई

मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात 1790 साली खोदकाम चालू असताना अझ्टेकांची देवमाता कोआत्लिक्वे सापडली. सुमारे अडीच मीटर उंचीचा दगड. कमरेला सापांचा घागरा, गळ्यात माणसांचे हात आणि काळजे. तिथले मूळ रहिवासी तिच्यापुढे मेणबत्त्या लावू लागले. सत्ताधारी धास्तावले आणि त्यांनी तिला परत पुरले. आज ती तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात उभी आहे, आणि समीक्षक तिला थोर शिल्प म्हणतात.

तिचे छायाचित्र पाहताना मला मुळशीतली आमच्या वस्तीकडेची मरीआई आठवली. शेंदूर थापलेला तांदळा. नाक नाही, डोळे नाहीत. आजी सांगे, पटकी आली की सारा गाव तिच्याकडे धावायचा. आम्हांला मात्र गावातल्या देवळाची पायरी बंद. भय आमच्या देवीचे, विटाळ आमचा! 1956 नंतर आजीने तो दगड मुळेच्या पाण्यात सोडला.

आमच्या कलासमीक्षेला वेरूळचे कैलास लेणे दिसते. हा तांदळा दिसत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे अपवाद. पुण्याभोवतीची राने पायी तुडवून त्यांनी शेंदराखालचा इतिहास वाचला आणि 1962 च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त मांडला. दगड सुंदर आहे काय, यापेक्षा तो इथे कोणी आणि का मांडला, हा त्यांचा प्रश्न होता. मला समीक्षा म्हणून तोच प्रश्न मोलाचा वाटतो.

1978 साली मेक्सिकोत वीज कंपनीच्या मजुरांना खोदताना कोयोल्शाउकी ही छिन्नविच्छिन्न देवी सापडली. तिच्यामुळे तिथले महामंदिर उकरले गेले. मुळशीत उलटे घडले. मुंबईच्या विजेसाठी टाटांचे धरण झाले. 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी गावे बुडाली. मालकीच्या जमिनीची मोजणी झाली. वेशीबाहेरच्या थानांची मोजदाद कोणी केली?

याचा अर्थ त्या दगडांची आरती करावी असा नाही. अझ्टेक पुरोहित माणसे बळी देत होते. मरीआईच्या नावाने आमचा पोतराज स्वतःच्याच पाठीवर आसूड ओढत होता. आजीने दगड सोडला ते योग्यच केले. पण देव सोडणे वेगळे आणि इतिहास सोडणे वेगळे. तो दगड ज्यांनी मांडला त्यांची भीती, त्यांची भूक आणि त्यांची वेशीबाहेरची जागा त्यात नोंदलेली आहे. ती नोंद आपणच वाचली पाहिजे. हात न जोडता.