हललेले चित्र आणि ढळलेले मोजमाप

1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या काळात तेथील एका उद्यानात बॉम्बस्फोट झाला. त्या रात्रीचे थरथरते चित्रण तपासण्यासाठी एफबीआयने नासाच्या मार्शल केंद्रातील डेव्हिड हॅथवे व पॉल मेयर यांची मदत घेतली. हॅथवे हे सूर्याचे अभ्यासक. या कामातून ‘विसार’ ही चित्र स्थिर करणारी पद्धत पुढे आली. आज अशी साधने शाळेच्या संगणकावरही चालतात. त्यांपैकी गेओर्ग मार्टियस यांची ‘विडस्टॅब’ ही आज्ञावली ‘एफएफएमपेग’ या मोफत संचाबरोबर वापरता येते. वर्गातील प्रयोगांसाठी ती कितपत विश्वासार्ह आहे, ते पाहू.

तिचे काम दोन फेऱ्यांत चालते. पहिल्या फेरीत लागोपाठच्या चौकटींतील ठळक भागांची तुलना होते आणि चित्र किती सरकले, किती फिरले याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवली जाते. दुसऱ्या फेरीत मागच्या 10, पुढच्या 10 व मधली एक अशा 21 चौकटींच्या आधारे कॅमेऱ्याचा गुळगुळीत मार्ग ठरतो. सेकंदाला 30 चौकटी असल्यास हा काळ 0.7 सेकंद होतो. हाताची थरथर याहून जलद असल्याने ती पुसली जाते, सावकाश वळण मात्र टिकते. सहलीच्या चित्रणात याचा परिणाम खरोखरच सुखद असतो.

उणिवाही आहेत. चौकट सरकवली की कडा उघडी पडते. ती झाकण्यासाठी चित्र मोठे केले जाते आणि कडेचा भाग कापला जातो. तरीही जागा उरलीच, तर तेथे आधीच्या चौकटीतील चित्र राहते! म्हणजे एकाच चित्रात दोन वेगळे क्षण शेजारी बसतात. शिवाय हात हलल्याने आलेला पुसटपणा तसाच राहतो.

परंतु शिक्षकांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न वेगळाच आहे. कोणती हालचाल कॅमेऱ्याची आणि कोणती वस्तूची? हे आज्ञावलीला ठाऊक नसते. चित्रातील बहुतेक भाग जसे सरकतात, ती हालचाल कॅमेऱ्याची असे ती धरते. समजा, सर्व चौकटी एकाच चौकटीशी जुळवणारी ‘ट्रायपॉड’ ही सोय आपण निवडली. लंबकाचा गोळा 9 पिक्सेल उजवीकडे आणि भिंतीवरची मोजपट्टी 3 पिक्सेल डावीकडे गेलेली दिसते. म्हणजे गोळ्याचे पट्टीसापेक्ष सरकणे 12 पिक्सेल. चित्रात भिंत जास्त असेल, तर पट्टी स्थिर होईल व गोळा 12 पिक्सेल सरकेल. गोळ्यानेच चित्र व्यापले असेल, तर गोळा स्थिर होईल आणि पट्टी 12 पिक्सेल मागे जाईल! पडद्याच्या कडेपासून मोजणारा विद्यार्थी म्हणेल, लंबक हललाच नाही. पट्टीपासून मोजणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा उत्तर तेच मिळेल, कारण येथे संपूर्ण चौकट एकसंध सरकते. ती मोठी केली, तरी पट्टीही त्याच प्रमाणात मोठी होते.

अॅडोबीच्या ‘आफ्टर इफेक्ट्स’मध्ये 2011 साली आलेला ‘वॉर्प स्टॅबिलायझर’ याहून देखणे चित्र देतो. मात्र त्याची नेहमीची पद्धत चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या प्रमाणात ताणते, वाकवते. तेथे पट्टीवरच्या खुणांमधील अंतरही बदलू शकते. डोळ्यांना जे अधिक गोड, ते मोजमापाला अधिक घातक, असा हा प्रकार आहे.

म्हणून आमचे मत असे: प्रयोगासाठी ‘विडस्टॅब’ची साधी पद्धतच बरी. चित्रात मोजपट्टी हलणाऱ्या वस्तूच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर असावी. मोजमाप तिच्यापासूनच घ्यावे आणि मूळ चित्रण कधीही पुसू नये. शक्य असेल तर मोबाइल स्टुलावर विटांच्या आधाराने उभा करावा. न हललेल्या चित्राला दुरुस्ती लागत नाही. आणि दोन्ही चित्रणे वर्गात शेजारी शेजारी दाखवावीत. सापेक्ष गती समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.