मांसोत्पादक कालवडींचे पहिले वेत : लक्ष्यवजनाच्या निकषाची चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेतील मांसोत्पादक कळपांमध्ये कालवड साधारण २४ महिन्यांची होताना प्रथम व्यावी, ही अपेक्षा आता रूढ झाली आहे. गायीचा गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा असल्याने कालवड १४ ते १५ महिन्यांच्या वयात गाभण राहणे आवश्यक ठरते. त्या वेळी तिचे वजन प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्के असावे, हा निकष दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पॅटरसन व सहकाऱ्यांच्या १९९२ च्या आढाव्यात तो ठळकपणे मांडलेला आहे. प्रस्तुत लेखात या निकषाची चिकित्सा केली आहे.

निकषाचा आधार व त्यावरील आक्षेप :
या निकषामागील शास्त्रीय विचार भक्कम होता. बायर्ले व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले, की पहिल्याच माजावर भरविलेल्या कालवडींपैकी ५७ टक्के, तर तिसऱ्या माजावर भरविलेल्यांपैकी ७८ टक्के गाभण राहिल्या. म्हणजे प्रजननहंगामापूर्वीच कालवड वयात येणे हिताचे असते, आणि त्यासाठी अधिक खुराक देऊन वजन वाढविणे ओघानेच आले.
मात्र फन्स्टन व डॉयचर यांच्या नेब्रास्कातील २००४ च्या अभ्यासात ५३ व ५८ टक्के वजनाच्या कालवडींच्या गाभण राहण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. संगोपनाचा खर्च मात्र कमी वजनाच्या गटात घटला. निवड पद्धतीच्या पैदाशीमुळे कालवडी पूर्वीपेक्षा लवकर वयात येऊ लागल्या, हे याचे एक कारण मानले जाते.

मूल्यमापनातील उणीव :
तथापि या वादात पुष्कळदा हंगामाअखेर किती कालवडी गाभण राहिल्या, हाच मुख्य मापदंड ठरतो. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गाभण राहिलेली आणि अखेरच्या आठवड्यात गाभण राहिलेली कालवड या मोजणीत समान ठरतात. वास्तवात त्यांचे भवितव्य भिन्न असते. वर्षाला एक वासरू मिळावयाचे, तर व्याल्यानंतर पुन्हा गाभण राहण्यास ३६५ वजा २८३, म्हणजे ८२ दिवसच उरतात. पहिलारू गाय प्रौढ गायीपेक्षा उशिरा माजावर येते. त्यामुळे उशिरा व्यालेली पहिलारू पुढील हंगामात रिकामी राहण्याचा धोका वाढतो. शिवाय दररोज ९०० ग्रॅम वाढ धरल्यास ४२ दिवस उशिरा जन्मलेले वासरू दूध तोडण्याच्या वेळी सुमारे ३८ किलोने हलके भरते.
लेस्मायस्टर, बर्फेनिंग व ब्लॅकवेल यांनी १९७३ मध्येच पहिल्या वेताची तारीख आणि आयुष्यभराचे उत्पादन यांचा संबंध दाखविला होता. कुशमन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पहिल्या २१ दिवसांत व्यालेल्या कालवडी कळपात अधिक काळ टिकतात, असे नोंदविले. अर्थात या कालवडी मुळातच अधिक प्रजननक्षम असू शकतात. म्हणून या संबंधास थेट कार्यकारणभाव मानणे घाईचे ठरेल.
दुसरी उणीव मोजमापाची आहे. टक्केवारी प्रौढ वजनावर अवलंबून असते, आणि ते अनेकदा अंदाजानेच धरले जाते. ३५७.५ किलोची कालवड, प्रौढ वजन ५५० किलो धरल्यास ६५ टक्के भरते. ६५० किलो धरल्यास तीच ५५ टक्के ठरते. जनावर तेच, निष्कर्ष मात्र वेगळा.

निष्कर्ष :
कमी वजनावर भरविणे हे निरपवाद चूकही नव्हे आणि निरपवाद काटकसरही नव्हे. वाचविलेल्या खुराकाची किंमत दुसऱ्या वेताच्या वेळी चुकवावी लागत असेल, तर ती बचत भ्रामक होय. हंगाम आखूड ठेवणे, कालवडींना प्रौढ गायींच्या सुमारे तीन आठवडे आधी भरविणे, कळपाचे प्रौढ वजन प्रत्यक्ष मोजणे आणि पहिल्या २१ दिवसांत किती व्याल्या व त्यांतील किती पुढील वर्षी पुन्हा गाभण राहिल्या हे नोंदविणे, या चार गोष्टी केल्यावरच कोणत्याही लक्ष्यवजनाचा खरा कस लागतो. कालवडीची उत्पादकता पहिल्या गर्भधारणेने सुरू होते. ती सिद्ध मात्र दुसऱ्या वेतानेच होते.