‘अलबेला’ : नृत्ययुगुलाचे देशी रूप

फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या ‘टॉप हॅट’शी (१९३५) भगवान आणि गीता बाली यांचा ‘अलबेला’ (१९५१) ताडून पाहताना केवळ प्रभावाचा शोध पुरेसा ठरत नाही. ‘टॉप हॅट’चा नायक प्रस्थापित नर्तक आहे, चुकीच्या ओळखीमुळे अडलेले त्याचे प्रेम नृत्यातून पुढे सरकते. ‘अलबेला’तील प्यारेलाल कारकून. नोकरी जाते, घर सुटते, आणि रंगमंच हाच त्याच्या चरितार्थाचा मार्ग होतो.

नृत्याचे रूपही त्यानुसार बदलते. चित्रचौकटीत पूर्ण देह दिसावा, दृश्याचे तुकडे कमी पडावेत, असा अ‍ॅस्टेअरचा आग्रह असे. त्याचे कौशल्य दुरूनच न्याहाळायचे. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या भगवान यांचे अर्धवट उचललेले हात आणि जागच्या जागी डोलणे मात्र कोणाही प्रेक्षकाला जमण्याजोगे आहे. सी. रामचंद्र यांच्या बोंगोच्या ठेक्यावर एवढे साधे पाऊल तोलले जाते, ते समोरच्या गीता बालींच्या चपळ प्रतिसादामुळे. ‘भगवान-शैली’ हे एकेरी नाव, म्हणूनच, मला अपुरे वाटते. रॉजर्सच्या वाट्यालाही दीर्घकाळ अ‍ॅस्टेअरची जोडीदार एवढीच ओळख आली होती.