वर्गणीची भिंत आणि गुगलवरून आलेला वाटसरू

वृत्तपत्राच्या संकेतस्थळाने वर्गणीची भिंत, म्हणजे पेवॉल, पाडली की गुगल वाचक आणून देते, हा समज 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या उदाहरणावर उभा आहे. ते उदाहरण अर्धेच सांगितले जाते, असे माझे म्हणणे आहे.

'टाइम्स सिलेक्ट' ही योजना सप्टेंबर २००५ ते सप्टेंबर २००७ अशी दोन वर्षे चालली. वर्गणी वर्षाला ४९.९५ डॉलर, पैसे भरणारे सुमारे २,२७,०००, उत्पन्न वर्षाकाठी एक कोटी डॉलर. योजना बुडीत नव्हती. पण सर्च इंजिनवरून थेट एखाद्या लेखावर उतरणारे लोक अपेक्षेबाहेर वाढले. त्यांना अडवण्यापेक्षा जाहिराती दाखवणे परवडेल, असा व्यवस्थापनाचा हिशेब होता. भिंतीआड होते तरी काय? मुख्यतः स्तंभलेखक. बातमी मोकळी आणि मत कुलपात! भारतातले आपले वाचक तुटल्याची खंत थॉमस फ्रीडमन यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. भिंतीबरोबर १८५१ ते १९२२ आणि १९८७नंतरचे जुने अंकही खुले झाले. शोधात दिसण्याचा खरा लाभ मला इथे दिसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या बातमीकडे एरवी कोण वळणार?

पुढचा भाग मात्र गाळला जातो. मार्च २०११मध्ये याच पत्राने भिंत पुन्हा उभारली. महिन्याला २० लेख मोफत, नंतर पैसे. गुगलच्या दुव्यावरून येणाऱ्याला मात्र त्यापलीकडेही दिवसाला पाच लेखांची वाट ठेवली. म्हणजे भिंत किंवा गुगल, अशी निवड मुळात करावीच लागली नाही. लंडनच्या 'टाइम्स'ने २०१०मध्ये अशी फटही ठेवली नव्हती. दोन वर्षांनी तो लेखांच्या पहिल्या ओळी सर्च इंजिनला दाखवू लागला.

'सन'ने २०१५मध्ये भिंत पाडली ते मला पटते. त्याच्यासारखा मजकूर इतरत्र फुकट मिळतो. पण तोच सल्ला 'वॉल स्ट्रीट जर्नल'ला देणे म्हणजे भाजीवाल्याचा हिशेब सराफाला शिकवणे. 'जर्नल'ने २०१७मध्ये उलटेच केले, गुगलवरून येणाऱ्यांचा मोफत प्रवेश थांबवला. ब्लूमबर्गच्या वृत्तानुसार गुगलकडून येणारी वर्दळ ४४ टक्क्यांनी घटली, पण आलेल्यांतून वर्गणीदार होणाऱ्यांचे प्रमाण चौपट झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुगलने पहिला लेख मोफत दाखवण्याची अटच मागे घेतली. किती लेख फुकट द्यायचे, ते तेव्हापासून प्रकाशक ठरवतात.