युरिया सेंद्रिय की असेंद्रिय?

हा प्रश्न दहावीच्या वर्गात एकदा विचारून पाहावा. घरी शेती असलेली मुले ‘रासायनिक’ म्हणून मोकळी होतील. रसायनशास्त्र मात्र युरियाला सेंद्रिय मानते. नव्हे, त्या शास्त्राच्या इतिहासात युरियाला मानाचे पान आहे. सजीवांतील पदार्थ ‘जीवनशक्ती’वाचून बनत नाहीत, असा समज असताना १८२८ साली व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. (त्या एका प्रयोगाने तो समज कोसळला, असे शिकवले जाते. खरे तर तो विरायला पुढची कित्येक वर्षे लागली.)

समज गेला, शब्द राहिला. आज पेट्रोल सेंद्रिय, डीडीटीही सेंद्रिय. उलट शिंपला प्राण्याने घडवलेला असूनही त्यातले कॅल्शियम कार्बोनेट असेंद्रिय! दहावीच्या २०१८च्या पुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ असे प्रकरण आले, हे आम्हांला बरे वाटते. सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसह. पेट्रोलला इंद्रिये कुठली?

शेतीला मात्र हा शब्द शोभतो. लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० साली ‘लुक टू द लँड’ या पुस्तकात शेताकडे एक सजीव देह म्हणून पाहिले. माती, गुरे, पिके ही त्याची इंद्रिये. यात कोणता रेणू चांगला नि कोणता वाईट, हा मुद्दाच नव्हता.

आमचा आक्षेप आहे तो पाकिटांवरच्या ‘रसायनमुक्त’ या शब्दाला. पाणी हेही रसायनच. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण तर चक्क असेंद्रिय, तरी अनेक देशांच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत तांबेयुक्त औषधांना मर्यादित मुभा आहे. आणि पिकाची मुळे नायट्रेट शोषताना ते शेणातून आले की पोत्यातून, हे पाहत नाहीत.

मग फरक काहीच नाही का? आहे, पण तो मातीत आहे. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ असा रकाना असतो. युरियात वजनाने २० टक्के कार्बन आहे. मग युरिया टाकून हा कर्ब का वाढत नाही, हे मुलांना शोधायला सांगावे. मातीतले युरिएज हे विकर युरियाचे काही दिवसांतच अमोनिया व कार्बन डायऑक्साइड करते, आणि तो कार्बन बहुतांशी हवेत जातो. शेणखतातला काही कार्बन मात्र कुजत कुजत ह्यूमसच्या रूपाने वर्षानुवर्षे मातीत टिकतो.